तीन पडले

गंगावेशीत, पिठाच्या गिरणीच्या माळ्यावर
पाच जण, एक नकाशा, सुक्या भेळेचा कागद.
रणधीर उठून उभाच राहिला:
"बुरुजावरनं उडी, थेट ड्रॅगनच्या मानेवर,
तलवार दातांत!"
नाद खुळा, मुश्ताक ओरडला.
वीस पैलूंचा फासा घरंगळत
भेळेत थांबला. तीन.

सगळे शाकंभरीकडे बघायला लागले.
तिच्या मांडीवर नियमांची वही, कोपरे पिठाळलेले.
तिचे आजोबा खासबागेत कुस्तीचे पंच;
पाठ टेकली की टेकली,
मग डाव कितीका देखणा असेना.

"पडलास," ती म्हणाली.
रणधीर मटकन बसला.
खाली पट्टा फडफडत राहिला.

"पण पडताना," वही मिटत ती म्हणाली,
"तलवार सुटली तोंडातनं.
कुठं गेली, ते तूच सांग."