निशाणी पाच

निशाणी पाचवरचा आदेश असा:
फ्लॅट विकायचा नाही, गहाण टाकायचा नाही,
तिसऱ्या कुणाचा हक्क त्यात उभा करायचा नाही.
लॉकर दोघांच्या सहीशिवाय उघडायचा नाही.
सामनेवाल्याने दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत
अर्जदाराच्या खात्यात अकरा हजार भरायचे,
कर्जाचा हप्ता निम्मा निम्मा.
बाकी सगळं जैसे थे,
पुढील आदेशापर्यंत.

अर्जदार म्हणजे मी.
सामनेवाला म्हणजे तो,
जो एकोणीस वर्षं खरोखरच
समोरच्या खुर्चीत बसून
भाकरीचा पापुद्रा आधी सोलून खायचा.
कायद्याला हे कसं कळलं, कोण जाणे.

जैसे थे म्हणजे नेमकं काय,
मी फरांदे वकीलबाईंना विचारलं.
त्या म्हणाल्या, कशालाही हात लावू नका.
नाही लावला.
त्याची चप्पल स्टँडवर, एकावर एक चढलेली.
कॅलेंडरवर त्यानेच गोल केलेली गॅसची तारीख.
लिंबाचं लोणचं तेवढं
आदेश न जुमानता मुरत राहिलं.

नळानेही जुमानलं नाही.
मोरीतला नळ एप्रिलात ठिबकायला लागला
आणि खाली खळदकरांच्या छतावर डाग उमटला,
आधी चपातीएवढा, मग परातीएवढा.
खळदकरांनी सोसायटीच्या फळ्यावर
सुवाच्य अक्षरात लिहिलं:
"वरच्यांनी आपले वाद वरच मिटवावेत.
खाली पाणी सोडू नये."

मग दुरुस्तीच्या परवानगीचा अर्ज. निशाणी एकोणीस.
वडगावहून बस, स्वारगेटला मेट्रो,
मंडई, कसबा पेठ,
पुढील स्थानक जिल्हा न्यायालय.
ती बाई किती शांतपणे सांगते,
जणू तिथे उतरून कुणी भाजी आणायला जाणार आहे.
बाकाच्या दुसऱ्या टोकाला तो,
मांडीवर कापडी पिशवी, तीच, बँकेच्या नावाची.
मध्ये चौघं अनोळखी.
अर्जाची प्रत त्याच्या वकिलाने त्याच्याकडे दिली,
त्याने चष्मा कपाळावर ढकलून
पूर्ण वाचली, मागचं कोरं पानसुद्धा.
साहेब रजेवर. तारीख पडली.

प्रतिज्ञापत्रात रकाने होते:
किराणा, औषधं, प्रवास, मोबाइल, इतर.
रात्री बादलीत पडणारे थेंब मी मोजले,
मिनिटाला चौदा.
"इतर"मध्ये काही लिहिलं नाही.

नऊ तारखेला मेसेज आला:
अकरा हजार तीनशे पन्नास जमा.
शेऱ्याच्या जागी एकच शब्द,
वॉशर.

वकीलबाई म्हणाल्या, वरचे परत करा,
उद्या म्हणतील स्वखुशीने देतोय, मग हुकूम कशाला.
हो म्हटलं,
आणि नाक्यावरच्या प्लंबरला बोलावलं.
त्याने पान्हा काढता काढता विचारलं,
मालक कोण इथले?
म्हटलं, ठरायचंय.
तो म्हणाला, बरं, मुख्य कॉक कुठाय?

दोनशे ऐंशी घेतले.
त्या रात्री दोनदा जाग आली,
काहीच ऐकू येत नव्हतं म्हणून.

पुढच्या तारखेला निशाणी एकोणीस पुकारली.
साहेबांनी वर न बघता विचारलं,
नळ अजून गळतोय का?
"नाही," मी म्हणाले.
"नाही," तोही म्हणाला,
त्याच क्षणी, पलीकडून,
जो सात महिने त्या घरात आलेला नाही.
वकीलबाईंनी माझ्याकडे बघितलं.
मी भिंतीवरच्या घड्याळाकडे.
अर्ज निकाली.

बाहेर जिन्यापाशी
मी पर्समधून सत्तर रुपये काढून पुढे केले.
त्याने मोजून घेतले.
दहाची एक नोट फाटकी होती,
ती बदलून मागितली.