चवळीचा कागद

मधलं बोट आधी लाल झालं, मग टम्म.
अंगुस्तान बसेना.
केपे बाजारात माझं दुकान, मे महिना,
टेबलावर गणवेषांच्या निळ्या कापडाचा ढीग
आणि मशीनच्या पायडलपाशी चवळी
कान खाजवत.

तिच्या कानामागे पुळ्या होत्या.
मी बोटानं मलम लावायचो,
ती तेच बोट चाटायची.
आमचा हा व्यवहार जुना.

समोरची रोजालिन म्हणाली,
'अल्फायत, हें कुत्र्याचेंच. भायर बांद तिका.'
बांधली.
फणसाखाली, चिंध्यांची दोरी वळून.
रात्रभर रडली नाही,
नुसती दाराकडे तोंड करून बसली.
मी आत, ठणकणारं बोट वर धरून,
शपथ घ्यायला उभा केल्यासारखा.

माझ्या दवाखान्यात माझा पू घेतला,
तिच्या दवाखान्यात तिचा.
कापसाच्या दोन सारख्याच काड्या
मडगावच्या एकाच लॅबमध्ये गेल्या.
चार दिवसांनी कागद आले.
एकावर पुरसो गांवकर, वय त्रेसष्ट.
दुसऱ्यावर चवळी गांवकर, वय सात.
आडनाव मी सांगितलं नव्हतं.
खाली जंतू एकच,
त्याच त्या औषधांना भीक न घालणारा.

जनावरांच्या डॉक्टर बार्रेटोबाईंनी
चष्मा कपाळावर चढवला.
'हा माणसांच्या नाकात राहतो.
कुत्र्यांत सहसा नसतो.
बहुतेक तुमच्याकडूनच तिला गेलाय.'
आणि पुढचं मांजर आत बोलावलं.

बसमध्ये मी नाकाला हात लावला नाही.
सात वर्षांत तिला काय काय दिलं
ते मी लोकांना सांगत आलो होतो:
उंड्याच्या आतला मऊ गर,
बांगड्यांची डोकी,
मशीनखालची थंड लादी.

फणसाखाली गेलो.
गाठ माझीच, शिंप्याची, एका हाताला सुटेना.
शेवटी कात्री आणली,
कापडावाचून दुसऱ्या कशाला न लावलेली.

तीच गोळी मला अख्खी, तिला अर्धी.
तिची उंड्यात लपवून.
तिनं उंडा खाल्ला, गोळी लादीवर ठेवली,
आणि सवयीनं बोटाकडे आली.
मी हात पाठीमागे घेतला.
'दहा दिवस,' म्हटलं.

ती पायडलपाशी जाऊन बसली.
तिला वाटलं असेल, अजून रागावलाय.