अबोला

मी मेलेली जनावरं मोजायला येतो.
सरकारी काम आहे, कुणीतरी करायचंच.
मोटरसायकल, निळी वही, पेन्सिल.
पेनातली शाई इथे वसंत आला तरी थिजते.

झूद म्हणतो आम्ही त्या हिवाळ्याला
ज्यात बर्फ जरा वितळतो
आणि रात्रीतून काचेसारखा बसतो.
खाली गवत दिसत राहतं.
तोंड रक्ताळेस्तोवर खरवडतात मेंढ्या,
गवत तिथेच, दिसत.

दुलमसुरेनच्या गेरमागे ढीग होता.
उभ्या उभ्या गेलेल्या शेळ्या,
एकमेकींना टेकून, अजून ऊब मागत असल्यासारख्या.
मी डोकी मोजतो. पाय मोजले की चुकतं.
दोनशे एकोणनव्वद.
"नव्वद कर," ती म्हणाली.
चुलीपाशी पोत्यावर एक कोकरू पडलं होतं,
आई त्याची ढिगात, खालून तिसरी.
"रात्रीत जाईल ते. तुला परत खेप नको."
मी नव्वद केले.

चहा दिला. बिनदुधाचा, मीठ मात्र होतं.
पहिली पळी आभाळाची असते.
दारात उभं राहून उडवायची,
नऊ खळग्यांच्या लाकडी चमच्यानं.
आई माझी शहरात गेल्यावरही उडवायची,
कोळशाच्या धुरात आभाळ कुठे आहे
ते अंदाजानं ठरवून.
इथे चमचा खुंटीला, कोरडा.
माझी नजर तिनं पकडली.
"बोलत नाही मी त्याच्याशी. पांढऱ्या महिन्यापासून.
सासूशी सात वर्षं धरला होता अबोला,
आभाळाचं काय कौतुक."

मग वारा सुटला. मोटरसायकल आडवी झाली.
राहिलो.

रात्री तिनं एक मेंढी आत आणली.
तिचं पिल्लू पोटातच गेलेलं, आचळ तटतटलेलं.
मेंढी खांबाला बांधली,
कोकराला मीठ चोळलं, तिच्या नाकाशी धरलं.
मेंढीनं ढुशी मारली.
म्हातारी उकिडवी बसली आणि गाऊ लागली,
तोइग, तोइग, तोइग,
एवढंच.
त्याला अर्थ नाही काही.
अर्थ असता तर मेंढीनं वाद घातला असता.

बारा वाजले. लाथ.
दोन वाजले. मेंढीनं मान फिरवली.
माझ्या ओंजळीत कोकराचं काळीज
थांबत, आठवत, परत चालत होतं.
मी म्हणालो, झोपा आता आजी.
ती थांबली नाही. आवाज फाटला, तरी त्याच फाटक्या आवाजात
तोइग, तोइग,
जणू समजूत मेंढीची नाहीच,
आणखी कुणाची तरी चालली होती.

मला डुलकी लागली असावी.
जाग आली ती आवाज नसल्यामुळे.
शेपूट हलत होतं.
इवलंसं, घाणेरडं, वेड्यासारखं हलत होतं शेपूट,
आणि मेंढी कान पाडून उभी, डोळ्यांत पाणी.
म्हातारी म्हणाली, रडतातच त्या, सवय आहे त्यांची.
स्वतःचं नाक तिनं बाहीला पुसलं.

खोडरबर नव्हतं माझ्याकडे.
अंगठा ओला करून नव्वद पुसले,
कागदावर करडा डाग उरला, त्यावर
एकोणनव्वद.

चहा परत काळाच. दूध कोकरापुरतंच होतं.
तिनं चमचा काढला,
बाहीनं धूळ पुसली, दार उघडलं.
बराच वेळ उभी राहिली तशी,
भांडलेल्या माणसाच्या दारात
आधी कोण बोलणार म्हणून उभं राहावं तशी.
मग उडवला चहा. एकदाच.
उरलेला स्वतः प्यायली.
"अर्धाच," ती म्हणाली, मला की वर, कळलं नाही.
"बाकीचा गवत आलं की."

निघताना माझ्या खिशात तिनं
वाळल्या दह्याचा तुकडा कोंबला, दगडासारखा.
तासभर चघळत होतो.

पुढच्या गेरवर धूर दिसला नाही.
तरी मी लांबूनच हॉर्न वाजवला.