उचिनोउरा, अकरा मिनिटं

डोंगराआडून उपग्रह वर येतो
पहाटे तीन वाजून दहाला,
आणि अकरा मिनिटं बोलतो.
हिदाका-सान थाळी वळवतात,
अँटेना म्हणजे, चौतीस मीटरची. त्यांच्या गालात
मुळ्याचं लोणचं, अजून चावायचं राहिलेलं.

साएको मोजते:
नव्वद मिनिटांत चार हजार दोनशे बारा प्रकाशकण.
हवा क्ष-किरण पिऊन टाकते, थेंबही खाली सोडत नाही,
म्हणून डोळाच वर पाठवावा लागला.
आरसेही असे, की किरण समोरून आला तर फुकट,
अंगाला चाटून गेला तरच वळतो.

पडद्यावर लोखंडाची रेघ.
सरळ उभी हवी होती, ती डावीकडे कललीय,
एकाच खांद्यावर जाळं वाहिलेल्या कोळ्यासारखी.
या कलण्यावरून त्या विवराची गिरकी मोजायची.

"दिसलं का ते?"
"ते नाही दिसत. आत जाणाऱ्याचं
तापणं दिसतं. काठापर्यंतचं."
बुडत्याचा पाय खोलात,
आणि बुडता कोटी अंशांनी उजळलेला.

हिदाका-सान विचार करतात.
"रविवारी नातू टबातलं पाणी सोडतो.
कागदी होडी शेवटच्या फेरीला
किती घाई करते!"
मग थांबून, "रडतो नंतर. दर रविवारी. तरी सोडतोच."

तीन एकवीस. संकेत तुटला.
साएको रेघ पुन्हा पाहते. कललेलीच.
ते वहीत वेळ लिहितात,
वारा आहे म्हणून थाळी उताणी करून ठेवतात,
आणि आता कुठे
मुळा करकर वाजतो.