पाणी किती वाजता सुटतं

फोनवरचा पोरगा आधी हेच सांगतो :
पाणी सकाळी साडेआठला सुटतं.
उशीर करू नका, पाणी कुणासाठी थांबत नाही.
मी हो म्हणतो. हे वाक्य
मीच दहा वर्षं वाड्या-तांड्यांवर
हॉर्न दाबून सांगत आलोय.

टँकरचा हंगाम जूनला संपला,
बिल निघालं कार्तिकात, तेही कापून.
इलियास म्हणाला, यंदा पैसे घरात शिरायच्या आत
कुठंतरी उधळू.
व्यंकटनं मोबाइल पुढं केला :
रबरी बोट, डोक्यावर टोप्या, उघडी तोंडं
आणि पांढरं पाणी.
पांढरं कशानं? मी विचारलं.
टीसीएल जास्त पडली असंल, इलियास म्हणाला.

कोलाड. कुंडलिका नदी.
उदगीरहून रात्रीची गाडी, पुण्यात बदल.
पोरग्याचं नाव तन्मय, तोच गाईड,
बोटीत मागं बसून हुकूम देणार.
विचारतो, पाण्याचा काही अनुभव?
काय सांगावं.
बारा हजार लिटर पाठीशी घेऊन
रोज घाट उतरलोय.
भरलेला टँकर गुणाचा असतो.
अर्धा असला की आतलं पाणी
ब्रेक मारल्यावर, क्षणभर उशिरा,
पाठीत लाथ घालतं.
थोडाफार आहे, म्हणालो.
पोहता येतं?
न्हाई.
चालतं म्हणे. जॅकेट असतं.

बोटीला आठ जण लागतात. आम्ही तिघं.
मग व्यंकटची बायको, तिचा भाऊ बळवंत,
इलियासची बहीण शाहेदा,
आणि कुणी न विचारता आमची गंगासागर.
नाव एवढं मोठं, अन् बाईनं
गुडघ्याच्या वर पाणी कधी लावून घेतलेलं नाही.
आठवी जागा रिकामी.
पुण्याचं कुणीतरी बसवू, तन्मय म्हणतो.

फॉर्म आला. वय, वजन, दमा, बीपी,
अडचणीच्या वेळी फोन कुणाला करायचा.
इथं आम्ही अडलो.
ज्यांना करावा ते सगळे बोटीत.
शेवटी ग्रामसेवक मुळे साहेबांचा नंबर टाकला.
टाकी कोरडी पडली की रात्री दोनला
मला उठवायचे.
एकदा त्यांची पाळी.

रविवारी तिरूच्या पात्रात तालीम.
घोटाभर पाणी होतं, ते सोडून वाळूत बसलो.
ट्रॅक्टरची ट्यूब, फावड्याचे दांडे.
बळवंत ओरडतो, फॉरवर्ड!
आम्ही वाळू मागं लोटतो.
शेळ्या घेऊन चाललेला एक म्हातारा थांबला.
कुठं जाऊलालाव रे?
कोकणात, इलियास म्हणाला.
म्हातारा बराच वेळ बघत राहिला.
असं गेल्यावर लई दिवस लागतील, म्हणाला
आणि शेळ्यांच्या मागं गेला.

परवा तन्मयचा परत फोन.
महत्त्वाचं सांगायचं राहिलं होतं :
पडलात तर उभं राहायचं नाही.
पाय वर, पायाची बोटं आभाळाकडं,
पाठीवर पडून राहायचं.
पाणी नेईल तसं जायचं.
सगळ्यांना सांगितलं. कुणी हसलं नाही.
शाहेदानं बोटावर काहीतरी मोजलं.
गंगासागर भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

कुठवर नेतंय?
बारा-तेरा किलोमीटर.
अन् परत?
परत जीपनं.
मग ठीक हाय, म्हणाली,
रिकामं परत यायची सवयच हाय तुमाला.

चपला पायाला बांधाव्या लागतात म्हणे.
टँकरच्या पाइपाची दोरी सोडून आणलीय,
अंगणात बसून कापतोय.
सात जोड्या.
दोरी पुरंना.