डिकी

गेल्या आठवड्यात गॅरेजात सात गाड्या आल्या,
त्यांत डिकीवाली एकच.
बाकी सहा उंच, छातीएवढं बॉनेट,
रांगेत मध्येच घुसून उभ्या राहिलेल्या माणसासारख्या.

एकतीस वर्षं मी वारसिया रोडवर पत्रा ठोकतो.
धडकेची उंची मला हातानं कळते.
पूर्वी बंपर बंपरला भेटायचा,
दोघं ओशाळून खाली उतरायचे, पोचा बघायचे,
चहा पिऊन आपापल्या घरी जायचे.
आता मोठीचा बंपर
छोटीच्या थेट काचेशी बोलतो.

डिकीवाली खानविलकर बाईंची.
चंदेरी, दोन हजार सातची.
साहेब रेल्वेच्या हिशेबखात्यात होते,
फंडाच्या पैशातून घेतली होती.
म्हणायचे, ही तीन खोल्यांची गाडी आहे कदम,
इंजिन इंजिनाच्या खोलीत, माणसं माणसांच्या,
आणि सामान मागे, दार लावून.
आपण काय घेऊन चाललोय
हे मागच्यानं कशाला बघायचं?

बाईंना ती विकायचीय.
गुडघे. बसायचं म्हणजे खड्ड्यात उतरायचं.
शिवाय विश्वामित्री दोनदा हिच्या पायदाणापर्यंत येऊन गेली,
अलकापुरीच्या गरनाळ्यात एकदा बंद पडली
ती दोरीनं ओढून काढली.
मोठीचं बुकिंग झालंय, अकरा हजार टोकन.

म्हणाल्या, श्रीनिवासनंही विकली, तिकडे.
मी म्हटलं, ओहायोत कुठलं आलंय गरनाळं?
रस्ते म्हणे ताटासारखे.
त्यांनी फोनच लावला, स्पीकरवर.
तिकडे रात्र होती, तो हळू बोलत होता.

काका, सिग्नलला थांबलो
की पुढे नुसतं एक भलंमोठं चाक दिसायचं.
आरशात मागच्याचे दिवे, सरळ डोळ्यांत.
आधी शेजाऱ्यानं घेतली, मग समोरच्यानं,
मग मला माझीच गाडी
दोन म्हशींमधल्या शेळीसारखी वाटायला लागली.
लेकीची सीट बांधताना कंबर धरायची.
आणि शोरूममध्ये डिकीवाली विचारली
तर सेल्समन असा बघायला लागला
जणू मी गेलेल्या माणसाचा पत्ता विचारतोय.
हप्ते चौऱ्याऐंशी आहेत.
पण खरं सांगू, वरून बरं वाटतं.

मग थांबला.
परवा मागे घेताना लेकीची सायकल दिसली नाही, म्हणाला.
सायकलच होती फक्त.
आई, सायकलच होती.

बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला,
चेन दोनदा ओढावी लागली.

मी कामाला लागलो. गाडी रिकामी करायची होती.
डिकी उघडली:
चौकड्याची सतरंजी, तिच्यावर पावागढची माती,
एक छत्री, एका हाताचा क्रिकेटचा ग्लोव्ह,
बंद पडलेल्या गाड्यांचं वेळापत्रक,
साहेबांच्या अक्षरात कडेला पेन्सिलीचे आकडे.
खोलीत कोंडलेला वास असतो ना, तसा वास.

नवीनला असते का हो डिकी?
असते बाई. पण दार उघडलं
की आख्खं घर दिसतं.

त्या हसल्या नाहीत.
सतरंजी बाहेर काढली, झटकली,
घडी मोडली, परत घातली,
आणि आत ठेवून दिली.

मी दुसऱ्या बाजूला गेलो, दाराचा पोचा बघायला.
गाडीच्या टपावर कोपर टेकलं, सवयीनं.
पलीकडे त्यांनीही टेकलं.
मध्ये चंदेरी पत्रा, उन्हानं तापलेला,
आणि त्याच्यावरून आम्ही दोघं
एकमेकांना खांद्यापासून वर पुरते दिसत होतो.
त्या सहा गाड्यांपैकी एकीवरूनही
मला पलीकडचं माणूस दिसत नाही.

पोचा काढून ठेवा, म्हणाल्या.
पैसे किती होतील ते आत्ता नका सांगू.