एकशेसत्तावीस दात्यांचं चाक

कुश्तोद मेस्त गोणपाट सोडतो
आणि लीड स्क्रू माझ्या बाकावर आडवा ठेवतो.
टेलस्टॉककडचे आटे जवळजवळ कोरे.
चककडे वीत-दीड वीत मात्र
विळीच्या पात्याइतके पातळ.
सगळी कामं तिथंच झाली.
बार्जीच्या पिना, पंपांचे बुश,
फेरीबोटीच्या रॅम्पचे बोल्ट.
आखूड कामं, आखूड पैसे.
लांब काम म्हणे चाळीस वर्षांत दोनदा आलं,
दोन्ही वेळा गिऱ्हाईक बोटीवर निघून गेलं,
पैसे राहिले.

त्याच्याच लेथवर पाडायचा, तर पाडणार कशाने?
झिजलेला स्क्रू आपली झीजच शिकवणार.
म्हणून तो रासयहून कुंडईला आला,
टेम्पोत, दुपारच्या उन्हात,
लहान मुलाला धरावा तसा स्क्रू मांडीवर धरून.

त्याचं लेथ पोर्तुगालच्या काळात मुरगावला उतरलेलं,
सगळं मिलिमीटरात.
माझं राजकोटचं, लीड स्क्रूला इंचात चार आटे.
त्याला सहा मिलिमीटर समजवायचे
तर मध्ये दुभाषी लागतो.
वर एकशेवीस दात्यांचं चाक, खाली एकशेसत्तावीसचं.
एकशेसत्तावीस. आडमुठी संख्या,
कशानेच भागत नाही.
फर्मागुडीच्या आयटीआयत सरांनी ती फळ्यावर लिहिली,
खाली दोनदा रेघ ओढली
आणि आम्हा तिघी मुलींकडे बघून म्हणाले,
हे तुम्हाला लागायचं नाही.

फोंड्याच्या भंगारात मला ते चाक मिळालं,
एक दात तुटलेला.
वेल्डिंगने भरला, कानशीने तीन संध्याकाळी घासला.
अजून फिरताना तेवढ्या जागी
टक् करतं.

इंचावर मिलिमीटर पाडायचे, तर एक पथ्य:
हाफ-नट एकदा मिटला की काम संपेतो उघडायचा नाही.
सात मिनिटं कापत जायचं,
टूल मागं घ्यायचं,
मशीन उलटं फिरवून सात मिनिटं रिकामं यायचं.
पुन्हा एक दशांश. पुन्हा सात.
पाच फुटांची सळई मध्येच पोट सोडते,
तिला फिरता स्टेडी सांभाळतो,
स्टेडीला मी,
मला चहावाला पोरगा.
दोन दिवस.
न कापता परत आलेली ती मिनिटं
बिलात कुठल्या ओळीत लिहू?

शेवटच्या हातांना मेस्त डबा उघडतो.
दुधाच्या पावडरीचा डबा, आत डुकराची चरबी.
"हें घाल चेडवा, तेलान जायना."
श्रावणातला सोमवार.
सकाळपासून माझ्या पोटात दोन केळी.
मी ब्रश बुडवला.
कीस इतका लांब, इतका गुळगुळीत निघाला
की आम्ही दोघं तो तुटेपर्यंत बोललो नाही.
घरी हात दोनदा धुतले,
विचारलं तर सांगितलं, ग्रीस.

रासयला बसवायला मीच गेले.
हाफ-नटही नवा, मोडीत निघालेल्या ट्रॉलरच्या
पंख्याच्या काशाचा.
नदीवर चार बार्जी दोर बांधून उभ्या,
लाल धूळही आता त्यांच्यावर उरलेली नाही.
मेस्ताने पहिला आटा पाडायला घेतला,
साधाच बोल्ट,
आणि डावा तळवा सॅडलच्या चाकावर ठेवून
टेलस्टॉककडे जरा दाबून धरला.
ढिलाई खायला.
जुन्या स्क्रूला तो तसाच धरून न्यायचा,
किती वर्षं कोण जाणे;
चाकावरचा रंग तिथं तळव्याएवढा उडालाय.

"मेस्त, हात सोडा. आता खेळ नाही त्यात."
"सोडतां."

बोल्ट झाला. नट शेवटपर्यंत बोटांनी गेला.
त्याने दुसरी सळई लावली,
हाफ-नट मिटला,
आणि तळवा पुन्हा तिथंच.
"सोडतां, सोडतां," तो म्हणाला,
चाकाकडे न बघता.